खतावणी घरचीही हवी

प्रति,
माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानाचा मी अनेक वर्षांचा वाचक आहे आणि हे पत्र तक्रारीच्या सुरात सुरू होत असले, तरी त्यामागे आपुलकीच आहे. बचत कुठे ठेवावी, कोणत्या योजनेत परतावा किती, बाजार चढणार की उतरणार, यांविषयी या पानावर जाणकार मंडळी उत्तम लिहितात. मात्र हे सारे लेखन असे धरून चालते की, महिनाअखेरीस वाचकाच्या हाती गुंतवण्याजोगी शिल्लक असते आणि ती किती आहे हे त्याला ठाऊकही असते. माझ्या पाहण्यात तरी बऱ्याच घरांत ही दोन्ही गृहीतके लंगडी असतात. आपल्या पैशांवर आपला ताबा यावा असे ज्याला वाटते, त्याने पैसा कुठे गुंतवावा हे विचारण्याआधी तो आजवर कुठे गेला, हे शोधायला हवे. आणि त्या काहीशा कंटाळवाण्या शोधासाठी आपण पानावर नियमित जागा राखून ठेवावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे सांगण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. मी ३४ वर्षे एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम केले. कीर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही, खतावणी म्हणजे त्याच नोंदी खातेवार मांडलेली वही, तेरीज म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का हे पाहणारा तक्ता आणि शेवटी ताळेबंद, यांत उभे आयुष्य गेले. तेरीज जुळली नाही तर आम्ही घरी जात नसू. फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ४५ चे ५४ लिहिले गेले असावेत, असा आमचा पहिला तर्क असे आणि तो पुष्कळदा खरा ठरे. दुसऱ्याच्या पैशांबाबत इतका दक्ष असलेला हा माणूस घरच्या पैशांबाबत मात्र पूर्ण आंधळा होता. पगार खात्यात जमा होई. खात्यात आकडा दिसतो आहे तोवर सारे आलबेल आहे असे मी समजे आणि तो दिसेनासा झाला की पुढच्या पगाराची वाट पाही. 'कंपनीची दमडी चुकली तर रात्रभर तळमळता आणि घरातून एवढाले जाते त्याची खबर नाही,' असे पत्नी अधूनमधून म्हणे. मी ते थट्टेवारी नेत असे.

निवृत्तीच्या नऊ वर्षे आधी घरात एक शस्त्रक्रिया अचानक ठरली आणि थट्टा संपली. खात्यात होते ते पुरले नाही, म्हणून जवळपास निम्मा खर्च क्रेडिट कार्डावर टाकला. दर महिन्याला येणाऱ्या पत्रकावर दोन आकडे ठळक छापलेले असत, एक एकूण येणे बाकीचा आणि दुसरा किमान भरण्याचा. मी इमानाने किमान भरणा करीत राहिलो आणि हप्ता वेळेवर जातो आहे याचे समाधान मानीत राहिलो. वर्ष उलटल्यावर बाकी फारशी हललेली नाही, हे पत्नीच्या लक्षात आले, माझ्या नव्हे.

त्या रात्री मी जे गणित केले, ते सोप्या आकड्यांत मांडतो, कारण माझ्या मते आपल्या पानावर सर्वांत आधी हेच यायला हवे. समजा, कार्डावर १,००,००० थकले आहेत, व्याज दरमहा ३ टक्के आहे, किमान भरणा व्याजासह होणाऱ्या बाकीच्या ५ टक्के आहे आणि नवी खरेदी एकही नाही. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढून बाकी १,०३,००० होते. त्यातले ५,१५० आपण भरतो आणि ९७,८५० उरतात. म्हणजे खिशातून गेले ५,१५०, पण कर्ज उतरले अवघे २,१५०. असे वर्षभर केले तर आपण एकूण सुमारे ५५,००० भरतो आणि बाकी उरते सुमारे ७७,०००. त्याच चालीने कर्ज निम्मे व्हायलाच जवळजवळ ३२ महिने लागतात. दरमहा ३ टक्के हा आकडा कानाला किरकोळ वाटतो. व्याजावर व्याज धरून त्याचे वार्षिक रूप मात्र ४२ टक्क्यांच्या वर जाते. काहीच न भरता कर्ज तसेच पडू दिले, तर दोन वर्षांच्या आतच ते दुप्पट होते. हे ताडायला बहात्तरचा जुना आडाखा पुरतो: ७२ ला व्याजदराने भागले की दुप्पट होण्याचा काळ ढोबळपणे मिळतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. हाच आडाखा महागाईलाही लागू पडतो. महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर घरात नुसत्या ठेवलेल्या पैशांची खरेदीची ताकद १२ वर्षांत निम्मी होते.

मला हे गणित येत नव्हते असे नाही. रोजीरोटीच त्यावर होती. ते घरी करायचे असते, एवढेच कधी सुचले नव्हते. आणि हिशेबनिसाची ही कथा, तर ज्यांचा आकड्यांशी संबंध शाळेनंतर तुटला त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

कार्ड कपाटात गेले आणि पुढच्या रविवारी मी मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे, लाल पेन्सिल आणि एक चौकटीची वही घेऊन बसलो. प्रत्येक खर्चापुढे तो कशाचा, हे लिहायचे ठरवले. पहिल्याच पानावर अडलो. ११ ओळींपैकी चार कशाच्या, हे आम्हा दोघांनाही आठवेना. दोन रकमा दर महिन्याच्या ठरावीक तारखेला आपोआप वळत्या होत होत्या. खोदून पाहिले तेव्हा कळले, की त्या अशा दोन सेवांच्या वर्गण्या होत्या ज्या घरात कोणीही १९ महिने वापरल्या नव्हत्या. त्या वळत्या करून घेणाऱ्यांना मी बोल लावत नाही, संमतीवर सही माझीच होती. उरलेल्या खर्चाची विभागणी करता करता 'इतर' या सदराचे पोट इतके फुगले, की एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा त्यातच जाऊन बसला. कार्यालयात कोणी कनिष्ठाने असा तक्ता आणून दिला असता, तर मी तो त्याच्या टेबलावर परत ठेवला असता.

आज आमच्या वहीत काय असते, ते थोडे सविस्तर सांगतो. पान आखताना मी फार सदरे ठेवत नाही. चाळीस सदरांची वही दुसऱ्या आठवड्यात बंद पडते, हा स्वानुभव आहे. सहासात सदरे पुरतात, मात्र 'इतर' दहा टक्क्यांच्या वर गेले की ते फोडायचेच, असा दंडक आहे. नोंद त्याच दिवशी होते, कारण तीन दिवसांनंतरची नोंद म्हणजे अंदाज. महिनाअखेरीस मागची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर हातची आणि खात्यातली शिल्लक, असा ताळा घ्यायचा. तो तंतोतंत जुळला नाही तरी आता मी जागरण करीत नाही. फरक महिन्याच्या खर्चाच्या एक टक्क्याच्या आत असेल तर तो 'विस्मरण' या नावाने खर्ची टाकतो. घर चालवायचे आहे, लेखापरीक्षण नव्हे.

या वहीने दाखवून दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ज्यांना आपण 'अचानक आलेले खर्च' म्हणतो, त्यांतले बरेचसे अचानक नसतातच. विम्याचा वार्षिक हप्ता, मुलांचे शुल्क, घराची डागडुजी, वाहनाची देखभाल हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, म्हणून आपण त्यांना विसरतो आणि ते आले की दचकतो. वर्षभराचे असे सारे खर्च एका पानावर मांडून बेरजेला बाराने भागले आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकली, तर आमच्या घरची निम्मी ओढाताण संपली. खरोखर अचानक येणारे संकट त्याहून निराळे. त्यासाठी तीन ते सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम हाताशी असावी, असा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण एका महिन्याचा खर्च किती, हे ज्याने कधी लिहिलेलेच नाही त्याने त्याची सहापट कशी काढावी?

इथे एका प्रचलित उपदेशाशी माझा मतभेद नोंदवतो. काटकसरीवर लिहिणारे बहुधा बारीकसारीक हौसेच्या खर्चावर घसरतात. रोजचे छोटे सुख सोडा आणि श्रीमंत व्हा, असा त्यांचा सूर असतो. थेंबे थेंबे तळे साचते हे मला मान्य आहे, परंतु माझ्या वहीतल्या वर्षभराच्या बारीकसारीक हौसेची बेरीज त्याच वर्षी कार्डावर भरलेल्या व्याजाच्या निम्मीही भरली नाही. घराची आर्थिक प्रकृती तीनचार मोठे निर्णय ठरवतात: राहायला किती मोठी जागा घेतली, कर्ज कोणत्या दराने आणि किती मुदतीचे काढले, वाहन कोणते घेतले, विमा आहे की नाही. ते निर्णय चुकले असतील, तर चहाचा कप सोडून काही साधत नाही, माणूस उगाच चिडचिडा मात्र होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सर्वांना पाठ असते. अंथरूण मोजायला मात्र कोणी बसत नाही.

कर्जाची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी दोन जागा दाखवतो जिथे सुशिक्षित माणूसही हमखास फसतो. पहिली जागा 'सरसकट' व्याजदराची. एका वर्षाच्या मुदतीने १,२०,००० कर्ज घेतले, व्याज सरसकट १२ टक्के म्हणजे १४,४००, आणि बारा समान हप्ते ११,२०० चे. हिशेब चोख दिसतो. पण प्रत्येक हप्त्यासोबत मुद्दल उतरत असते. सहा महिन्यांनंतर आपल्याकडे कर्जाचा निम्म्याच्या आसपास भाग उरलेला असतो, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १,२०,००० वर लागते. उतरत्या बाकीवर हेच व्याज मांडले तर दर १२ नव्हे, साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. एकदा मी स्वतः अशा कर्जाच्या कागदावर सही करण्याच्या बेतात होतो. दर घटत्या बाकीवर आहे की मूळ रकमेवर, एवढेच मी विचारले, तेव्हा समोरच्या तरुणाने 'साहेब, हप्ता परवडतो ना?' असे उलट विचारले. तो बिचारा शिकवलेले बोलत होता. परंतु कर्जाचे सारे दुकान याच एका प्रश्नावर चालते, आणि हप्ता परवडणे म्हणजे कर्ज परवडणे नव्हे, एवढी गोष्ट वाचकांच्या मनावर बिंबवली तरी आपल्या पानाने मोठे काम केले असे होईल.

दुसरी जागा दीर्घ मुदतीच्या कर्जाची. २० वर्षांसाठी ९ टक्के दराने १,००,००० घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९०० येतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजापोटी जातात आणि मुद्दलापोटी उरतात जेमतेम दीडशे. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, नेमाने हप्ते भरूनही मुद्दलाचे सुमारे ७१,००० फेडायचे बाकीच असतात. यात कोणी लबाडी केलेली नसते. उतरत्या बाकीवरील व्याजाचा तो स्वभावच आहे. मात्र तो स्वभाव ठाऊक असला तर त्याचा फायदाही घेता येतो. दरवर्षी एक हप्ता जादा भरला आणि तो थेट मुद्दलात वळता करून घेतला, तर हेच कर्ज साधारण साडेतीन वर्षे आधी फिटते. मुदतीआधी फेडीवर दंड आहे का, हे तेवढे करारात आधी पाहून ठेवावे.

इतके सारे कळूनही माणूस का चुकतो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता, आणि माझ्या आळसाखेरीज त्याला अन्य काही कारणे आहेत हे पुढे वाचनात आले तेव्हा थोडे हायसे वाटले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संशोधक ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी लोकांना वस्तूंवर बोली लावायला सांगितले; काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली मोठ्या होत्या आणि फरक काही वेळा दुपटीपर्यंत गेला. रोख देताना हातातून काहीतरी निसटल्याची जी बारीक कळ उठते, ती कार्डाने बोथट होते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. आता तर कार्डही काढावे लागत नाही, बोट टेकले की काम होते. माझ्या वहीचा खरा उपयोग इथेच आहे, असे मला वाटते: संध्याकाळी पेनने आकडा लिहिताना ती कळ परत येते.

दुसरा अभ्यास जास्त आशादायक आहे. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले ते रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी श्लोमो बेनार्त्झी यांनी एक साधी युक्ती योजली. आज बचत वाढवा, असे त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलेच नाही. पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीकडे वळवण्याची संमती आजच द्या, एवढेच सांगितले. हातात आलेच नाही ते गेल्याचे दुःख होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी ही योजना स्वीकारली त्यांचे बचतीचे प्रमाण ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. कार्डाचे कर्ज फिटल्यावर मीही तेच केले. हप्त्यापोटी जाणारी रक्कम त्याच तारखेला दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होऊ लागली, आणि घराने तिच्याविना जगायला आधीच शिकलेले असल्यामुळे कोणाला काही जाणवलेही नाही.

वही नुसती असून भागत नाही, ती घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचता आली पाहिजे. माझ्या एका सहकाऱ्याच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने खाती, विमापत्रे आणि देणी-घेणी यांचा माग काढण्यात जवळजवळ वर्ष घालवले. कर्तबगार बाई, पण नवऱ्याने सारे डोक्यात ठेवले होते. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता कुठे काय आहे आणि वारसदार म्हणून कोणाचे नाव लावले आहे, याची यादी असते, आणि ते पान पत्नीच्या अक्षरात आहे.

घरच्या हिशेबाला कमी लेखण्याची प्रथा आम्हा हिशेबनिसांच्या धंद्यात आहे, म्हणून एक जुना दाखला देतो. दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिचे छापील विवेचन प्रथम व्यापकपणे केले ते इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी, १४९४ साली व्हेनिसमध्ये. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या त्या विवेचनात त्यांनी घरखर्चाच्या खात्यालाही जागा दिली आहे, आणि नेहमीच्या खर्चांपासून वेगळे काढायच्या अवांतर खर्चांत खेळात हरलेले किंवा चोरीस गेलेले पैसेही नोंदायला सांगितले आहेत. आमच्या 'विस्मरण' खात्याला पाच शतकांची परंपरा आहे, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला! आणि दुसरा दाखला तर थेट आपल्या पत्रकारितेच्या व्यवसायातला आहे. जपानमध्ये घरखर्चाच्या वहीची जी चाल आजही टिकून आहे, तिला आकार दिला हानी मोतोको यांनी; १९०४ साली त्यांनी गृहिणींसाठी अशी आखलेली वही प्रसिद्ध केली. त्या अर्थतज्ज्ञ नव्हत्या, पत्रकार होत्या.

हिशेब लिहिल्याने उत्पन्न वाढत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. ज्या घरात जमाच तोकडी आहे, तिथे वही फार तर एवढेच सांगेल की दोष उधळेपणाचा नाही. आणि तेवढे कळणेही अशा घरात लहान गोष्ट नसते. पण ज्यांची जमा पुरेशी असूनही महिन्याची २० तारीख अवघड जाते, अशांची संख्या आपल्या वाचकांत कमी नसावी. त्यांच्यासाठी आपण महिन्यातून एकदा आखलेला कोरा तक्ता छापावा, कात्रण काढून भिंतीवर लावता येईल अशा आकाराचा. कर्जाच्या एखाद्या करारातील किंवा कार्डाच्या पत्रकातील बारीक अक्षरांचा, संबंधितांचे नाव न घेता, ओळीनिशी उलगडा करावा. आणि एखाद्या वाचकाने आपला महिन्याचा जमाखर्च निनावी पाठवला, तर तो जाणकारांच्या टिपणांसह प्रसिद्ध करावा. परताव्याच्या तक्त्यांना धक्का न लावता पानाच्या तळाशी दोन स्तंभ मोकळे झाले तरी पुरे.

तक्ता आखून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. नमुना म्हणून माझ्या वहीची पहिली बारा पाने, त्यांतल्या खाडाखोडीसकट आणि ते फुगलेले 'इतर' तसेच ठेवून, आपण कळवाल त्या दिवशी पाठवून देतो.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस